व्ल्कोलीनेत्स: पंचेचाळीस लाकडी घरं आणि वीसेक माणसं

नित्राकर (मूळ लेख)

स्लोव्हाकियात कोणालाही ‘इथलं एखादं खेडं बघायचंय’ म्हटलं की पहिलं नाव निघतं व्ल्कोलीनेत्सचं. लिप्तोव भागात, वेल्का फात्रा डोंगररांगेत, सिदोरोवो नावाच्या डोंगराच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडं वर. कागदोपत्री हे स्वतंत्र गाव नाहीच, खाली दरीत असलेल्या रुझोम्बेरोक शहराचा तो एक भाग आहे. शहरात कागदाची मोठी गिरणी, रेल्वे स्टेशन, समाजवादी काळातल्या चाळवजा इमारती. तिथून वर चढून आलं की एकदम शतकभर मागे गेल्यासारखं वाटतं.

गावाची रचना सोपी आहे. एक चढाचा रस्ता, मध्यावर त्याला फुटलेला दुसरा फाटा, आणि वरच्या आळीच्या मधोमध वाहता पाण्याचा पाट. दोन्ही बाजूंना घरं, अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबी मागे पसरलेली. घरामागे गोठा, त्यामागे खळं आणि गवताची कोठारं, आणि त्याही मागे डोंगराच्या उतारावर शेतांच्या लांबच लांब अरुंद पट्ट्या. वाटण्या होत होत जमिनीच्या चिंध्या झाल्या, त्या अजून तशाच दिसतात. गावाचा पहिला लेखी उल्लेख १३७६ सालचा. लिकावा किल्ल्याच्या जहागिरीतलं हे गाव. लाकूडतोड, मेंढ्या, थोडी शेती आणि मधमाश्या एवढ्यावर माणसं जगत होती.

घरं ओंडक्यांची. खाली दगडी जोतं, त्यावर आडवे ओंडके, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले. फटींत शेवाळ कोंबायचं, वरून मातीचा गिलावा आणि चुना. काही घरं पांढरी, काही निळसर, एखादं गुलाबी. छपराला लाकडाच्या पातळ फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक. आत तीन खोल्या एका ओळीत. मधल्या खोलीतून प्रवेश, तिथेच पूर्वी चूल असायची. एका बाजूला राहण्याची खोली, दुसऱ्या बाजूला धान्याची. एक घर संग्रहालय म्हणून उघडं ठेवलंय, तिथे हे सगळं बघता येतं. राहायच्या खोलीच्या कोपऱ्यात जेवणाचं टेबल, वर देवादिकांच्या तसबिरी, भिंतीलगत पलंग. एवढ्या जागेत आठ-दहा माणसं हिवाळा काढायची.

गावात बघायच्या ठरलेल्या गोष्टी म्हणजे १७७० चा लाकडी घंटाघर, १८६० ची लाकडी छपराखालची विहीर, आणि १८७५ चं चर्च. १९४४ च्या शरद ऋतूत, नाझींविरुद्धच्या स्लोव्हाक उठावानंतर जर्मन सैन्याने गावाचा काही भाग जाळला. त्या जागा आजही मोकळ्या दिसतात. १९७७ साली सरकारने लोकवास्तूंचं राखीव क्षेत्र जाहीर केलं, आणि १९९३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं. त्याच वर्षी स्लोव्हाकिया स्वतंत्र देश झाला होता. बान्स्का श्तियाव्नित्सा हे खाणीचं शहर, स्पिशचा किल्ला आणि हे गाव, अशी तीन नावं त्यांनी पहिल्या फटक्यात लावून घेतली. राजधानीतली एकही जागा त्यात नाही, याचं मला कौतुक वाटतं.

आता माणसांबद्दल. पारंपरिक घरं पंचेचाळीसच्या आसपास, आणि बारा महिने राहणारी माणसं वीसच्या आसपास. बाकीची घरं शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलेली. अशा घराला इथे ‘खालुपा’ म्हणतात आणि मालकाला ‘खालुपार’. सत्तर-ऐंशीच्या दशकात पश्चिमेकडे प्रवास जवळजवळ बंद, करमणुकीची साधनं कमी, तेव्हा शुक्रवारी दुपारी कारखाना सुटला की खालुपा गाठायची ही अख्ख्या चेकोस्लोव्हाकियाची सवय होती. ही माणसं नसती तर अर्धी घरं कोसळली असती असं सगळेच म्हणतात. पण खालुपार रविवारी संध्याकाळी परत जातो.

उन्हाळ्यात बस भरभरून पर्यटक येतात. संग्रहालय कुठलं आणि राहतं घर कुठलं हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे लोक सरळ खिडकीला नाक लावतात. काही वर्षांपूर्वी बातम्या आल्या होत्या की तिथल्या काही रहिवाशांनाच युनेस्कोच्या यादीतून नाव काढून हवंय. माझ्याबरोबर नित्रा शहरातल्या कारखान्यात रुझोम्बेरोकचा एकजण काम करतो. (टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना इथे २०१८ पासून आहे, पुण्याची बरीच मंडळी येऊन-जाऊन असतात.) तो म्हणाला, "ते गाव नाहीये रे, तो फोटो आहे. फोटोत कोणी राहत नाही."

मला हे पटलंही आणि नाहीही. म्हणून धागा काढला.

रेवती_प

छान लिहिलंय, पण फोटो कुठेयत? घरांच्या आत लाकूड आणि चूल एकत्र म्हणजे आगीची भीती नव्हती का?

नित्राकर

फोटो टाकतो रात्री. आगीची भीती होतीच. लाकडी गावांचा इतिहास म्हणजे आगींचा इतिहास. चिच्मानी नावाचं दुसरं प्रसिद्ध गाव आहे, काळपट ओंडक्यांवर पांढरी नक्षी काढलेलं. ते १९२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर जळलं होतं. सरकारने दुशान युर्कोविच या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधलं. २०१४ च्या सोची ऑलिंपिकला स्लोव्हाक संघाच्या कपड्यांवर तीच नक्षी होती.

शंकासुर

म्हणजे वीस माणसांसाठी अख्ख्या गावाला गोठवून ठेवायचं, आणि त्या वीस माणसांना ते नकोय. खिडकी बदलायची तर पुरातत्त्ववाल्यांची परवानगी. छपराला पत्रा टाकायचा तर तेही नाही. तुमच्या-माझ्या घराला कोणी हे नियम लावले तर आपण कोर्टात जाऊ. दुसऱ्याच्या गरिबीचं सौंदर्य फार सुंदर दिसतं.

सह्यभटक्या

+१ शंकासुर. पण परवानगीबरोबर पैसेही मिळतात ना? नित्राकर, खुलासा करा.

नित्राकर

मिळतात. संस्कृती मंत्रालयाची वारसा-घरांच्या दुरुस्तीसाठी अनुदान योजना आहे. पण अर्ज, अंदाजपत्रक, नकाशे, जुन्या पद्धतीने काम करणारा सुतार शोधणं, हे सगळं मालकाच्या गळ्यात. आणि लाकडी छप्पर काही दशकांनी बदलावंच लागतं. सत्तरीतल्या एकट्या बाईने हे कसं करायचं? शंकासुरांच्या मुद्द्यात तथ्य आहे. पण नियम नसते तर तिथे आज सिमेंटची हॉटेलं असती यातही तथ्य आहे. जवळच मालिनो ब्र्दो हे स्कीइंगचं ठिकाण आहे, जागेला किंमत भरपूर आली असती.

कोकणकडा

वाचताना सारखं राजापूर आठवत होतं. आमच्या वाडीत अठरा घरं, गणपतीत सगळी उघडी, एरवी चार. चाव्या शेजारी. फरक इतकाच की आमच्याकडे युनेस्को येत नाही, वाळवी येते.

जुनाखोड

नव्वदच्या दशकात मी झिलिना शहरात काही वर्षं होतो. तेव्हा व्ल्कोलीनेत्सला तिकीटही नव्हतं, रस्त्यावर कोंबड्या होत्या. असो. मला वेगळंच सांगायचंय.

त्याच रुझोम्बेरोक शहरात आज मोडणारं दुसरं गाव आहे, चेर्नोवा. तिथे बघण्यासारखं काही नाही, म्हणून कोणी जात नाही. पण स्लोव्हाक लोकांच्या इतिहासात व्ल्कोलीनेत्सपेक्षा ते कितीतरी मोठं आहे. १९०७ साली हा सगळा मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. शाळा, कचेरी, कोर्ट सगळीकडे हंगेरियन भाषेची सक्ती. चेर्नोवाच्या शेतकरी-मजुरांनी वर्गणी काढून स्वतःचं चर्च बांधलं. त्यांची इच्छा एवढीच की त्याचं पवित्रीकरण आपल्याच गावात जन्मलेल्या पाद्र्याच्या, आंद्रेय ह्लिंकाच्या हातून व्हावं. ह्लिंका स्लोव्हाक भाषेच्या बाजूने राजकारण करत होता, म्हणून बिशपने त्याला निलंबित केलेलं. लोक म्हणाले, थांबू, तो परत येईपर्यंत चर्च तसंच राहू दे. वरच्यांनी ऐकलं नाही. २७ ऑक्टोबर १९०७ ला दुसरे पाद्री बग्ग्यांतून पोलिसांच्या पहाऱ्यात आले. गावाने अरुंद रस्त्यात बग्ग्या अडवल्या. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधरा माणसं मेली, त्यांत बायकाही होत्या.

एका आडगावातली गोष्ट युरोपभर गेली. नॉर्वेचा नोबेल विजेता लेखक ब्यर्नसन यांनी वर्तमानपत्रांतून हंगेरियन सरकारला झोडपलं. सीटन-वॉटसन हा ब्रिटिश अभ्यासक आधीपासून हंगेरीतल्या अल्पसंख्य भाषिकांवर लिहीत होता, त्याने पुढच्याच वर्षी पुस्तक काढलं. अकरा वर्षांनी चेकोस्लोव्हाकिया झाला त्यामागे जी जनमताची तयारी होती, तिच्यात या गावाचा वाटा आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर शंकासुर विचारतीलच. ह्लिंका १९३८ मध्ये वारला. त्याच्या नावाने निघालेल्या ‘ह्लिंका गार्ड’ या निमलष्करी दलाने १९४२ मध्ये ज्यूंना गाड्यांत भरून नाझी छावण्यांकडे पाठवायच्या कामात हात घातला. त्या वर्षी देशातून सत्तावन्न-अठ्ठावन्न हजार ज्यू पाठवले गेले, परत आले ते मूठभर. इथल्या अनेक गावांच्या टोकाला हिब्रू अक्षरांचे दगड असलेली स्मशानं आहेत आणि गावात त्यांच्यापैकी कोणी नाही. आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझींनी जाळलेली गावं तर वेगळीच. क्ल्याक आणि ओस्त्री ग्रून्य या शेजारच्या दोन गावांत २१ जानेवारी १९४५ ला एका दिवसात १४८ माणसं मारली. बान्स्का बिस्त्रित्साजवळचं कालिश्त्ये जाळल्यावर पुन्हा वसवलंच नाही. कुरणात घरांचे पाये तेवढे ठेवलेत. लाकडी घरं बघायला जाणाऱ्यांनी तिथेही जावं.

रेवती_प

जुनाखोड, यावर स्वतंत्र लेख हवा. चेर्नोवाचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं.

ओरावाची_सून

इतके दिवस नुसती वाचत होते, या धाग्यासाठी टंकायला बसले. मी मूळची सांगलीची. लग्न होऊन ओरावा भागात आले, व्ल्कोलीनेत्सच्या उत्तरेला गाडीने तासभर. गावाचं नाव सांगत नाही, चारशे माणसांचं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात.

नित्राकर, तुमचा मित्र बरोबर बोलला. स्लोव्हाक खेडं बघायचं असेल तर लाकडी घरं बघू नका. आमच्या गावात लाकडी घर एकच उरलंय, त्यात सायकली ठेवतात. बाकी सगळी साठ-सत्तरच्या दशकातली चौकोनी दुमजली घरं, खोक्यासारखी. वास्तुविशारद त्यांना नाकं मुरडतात. पण माझ्या सासऱ्यांना विचारा. त्यांनी आणि शेजाऱ्यांनी शनिवार-रविवारी, सुट्ट्यांत, एकमेकांच्या घरी राबून ती बांधली. या शनिवारी तुझी भिंत, पुढच्या शनिवारी माझा स्लॅब. घरमालकीण सगळ्यांना जेवू घालणार. ज्या घरात आठ जणांत एक खोली होती त्याच्या जागी न्हाणीघर असलेलं घर आलं. सासूबाईंना कोणी लाकडी घर सुंदर आहे म्हटलं की त्या म्हणतात, "तुम्ही त्यात जानेवारीत पाणी तापवलंय का?"

गावाला आवाज आहे. रस्त्यावरच्या खांबांवर कर्णे लावलेत, समाजवादी काळातले. आधी एक लोकगीत किंवा ब्रास बँड वाजतो, मग ग्रामपंचायतीच्या कचेरीतून घोषणा: उद्या बटाटेवाला येणार, गुरुवारी पाणी बंद, अमुक आजी वारल्या, अंत्ययात्रा इतक्या वाजता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं युद्ध लागलं. आता गाणं सुरू झालं की मीही चमचा हातात धरून खिडकीत जाते, कारण घरात बसून शब्द घुमतात, कळत नाहीत.

देशात जेमतेम चोपन्न लाख लोक आणि गावं-शहरं मिळून जवळपास २,९०० स्थानिक संस्था. म्हणजे चारशे माणसांच्या गावालाही स्वतःचा निवडून आलेला ‘स्तारोस्ता’, म्हणजे सरपंचच. आमचा स्तारोस्ता हिवाळ्यात स्वतः बर्फ काढायचा ट्रॅक्टर चालवतो. शिवाय प्रत्येक गावाने आपली बखर लिहायची, हे कायद्यात आहे. निवृत्त शिक्षिका बाई लिहितात आमच्याकडे: यंदा किती जन्म, किती मृत्यू, पूर आला का, चर्चचं छप्पर कधी रंगवलं. मी आले त्या वर्षी ‘भारतातून एक सून आली’ अशी ओळ पडलीय.

आणि माणसं कुठे असतात विचाराल, तर ऑस्ट्रियात. आमच्या आळीतल्या तीन बायका ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला जातात, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. मिनीबस घरापासून घेऊन जाते. इथल्या म्हाताऱ्यांकडे कोण बघतं? ज्या दोन आठवडे घरी आहेत त्या. पूर्वी पुरुष अमेरिकेला जायचे, पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणींत नि पोलादाच्या भट्ट्यांत. काही पैसे कमवून परत यायचे, जमीन घ्यायचे, बरेच यायचेच नाहीत. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचे आईवडील असेच पूर्वेकडच्या मिकोवा गावचे, रुसिन या अल्पसंख्य स्लाव समाजातले.

शंकासुर

वा! हा खरा लेख. मूळ लेखापेक्षा प्रतिसाद भारी (नित्राकर, राग नसावा).

ताई, एक विचारतो. ईस्टरला बायकांवर थंड पाणी ओततात आणि छडीने मारतात म्हणे. हे जिवंत गावाचं लक्षण का?

ओरावाची_सून

हो, ईस्टरच्या सोमवारी. पुरुष आणि मुलं घरोघरी जातात, बायकांवर पाणी ओततात, पश्चिमेकडे विलोच्या काड्यांची वेणी घालून पायांवर फटके. वर बायकांनीच त्यांना रंगवलेली अंडी, चॉकलेट आणि मोठ्यांना दारू द्यायची. ‘वर्षभर निरोगी राहाल’ म्हणून. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही. पहिल्या वर्षी दिराच्या मुलाने अख्खी बादली ओतली, बाहेर चार अंश तापमान. मी रडले. दुसऱ्या वर्षी सांगून टाकलं की माझ्या अंगावर अत्तराचे दोन थेंब, बस. ऐकतात. तरुण मुलीही आता बोलायला लागल्यात. सासूबाईंना मात्र वाईट वाटतं, कोणी ओतायला आलं नाही तर आपण म्हाताऱ्या झालो असं त्यांना वाटतं.

मला आवडतो तो १ नोव्हेंबर. अख्खा देश आपापल्या गावच्या स्मशानात जातो. महामार्ग तुंबतात. संध्याकाळी प्रत्येक थडग्यावर शेवंती आणि दिवे. ज्यांचं कोणी उरलं नाही त्यांच्या थडग्यावरही शेजारी एक दिवा लावतात. मग सगळे घरी येऊन कोबीचं सूप आणि गावभरच्या गप्पा, कोण घटस्फोट घेतंय वगैरे.

पिठलंभाकरी

सगळे इतिहासात रमलेत. शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं ते सांगा.

नित्राकर

ब्रिन्द्झोवे हालुश्की. कच्चा बटाटा किसून त्यात पीठ, चाळणीतून उकळत्या पाण्यात पाडलेले बारीक गोळे, वर मेंढीच्या दुधाचं ब्रिन्द्झा चीज. वरती डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, ते नको म्हणून आधीच सांगा, मागून सांगून उपयोग नाही. ब्रिन्द्झाला २००८ पासून युरोपीय भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात निम्म्याहून जास्त मेंढीचं चीज असावं लागतं. खरं चांगलं मिळतं ते मे महिन्यात. एप्रिलअखेर, संत युराजच्या दिवसाच्या सुमाराला मेंढ्या वर चरायला जातात, ताज्या गवताचं दूध येतं. डोंगरातल्या मेंढपाळांच्या तळाला सालाश म्हणतात, तिथल्या मुख्य मेंढपाळाला बाचा. चीज झाल्यावर उरलेलं पाणी तापवून झिन्चित्सा करतात. ताकाची सवय असलेल्याला जमेल. पोटाला नवीन असेल तर एका पेल्यावर थांबा.

जुनाखोड

‘पोटाला नवीन’ हे सौम्य वर्णन आहे. :)

एक गोष्ट राहिली. खेड्यांवर बोलताना पूर्व स्लोव्हाकियातल्या रोमा (ज्यांना जिप्सी म्हणतात त्या समाजाच्या) वस्त्या कोणी काढल्याच नाहीत. कित्येक गावांच्या टोकाला, ओढ्यापलीकडे, अशी वस्ती असते. काही ठिकाणी अजून नळाचं पाणी नाही. त्यांची भाषा आपल्याच भाषाकुळातली, आणि गावात त्यांची जागा कुठे असते हे आपल्याला समजायला दुभाषा लागत नाही. आणि लाकडी गावं ओस पडत असताना याच वस्त्यांत मुलं आहेत, शाळा भरलेल्या आहेत. स्लोव्हाक खेड्याचं भविष्य काय, असा प्रश्न असेल तर त्याचं अर्धं उत्तर तिकडे आहे. इथले लोक ते ऐकायला तयार नसतात.

ओरावाची_सून

खरं आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर तो विषय निघाला की मी उठून भांडी घासायला जाते, आणि ते बरोबर नाही हेही मला कळतं.

सह्यभटक्या

नित्राकर, मग शेवटी जायचं की नाही व्ल्कोलीनेत्सला?

नित्राकर

जा. ब्रातिस्लाव्हाहून कोशित्सेच्या गाडीने रुझोम्बेरोक, पुढे टॅक्सी नाहीतर जंगलातून पायी चढ. गाडी असेल तर गावाखाली लावायची. थोडं प्रवेशशुल्क आहे, ते देताना कुरकुर करू नका. संग्रहालयाच्या घरात निवांत वेळ घालवा. बाकी कुठल्याही खिडकीत डोकावू नका, कॅमेरा तर नाहीच. दुपारच्या बसगाड्या यायच्या आत जा.

शंकासुर

मी आधी ओरावाला जाणार. ताई, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? मेमध्ये यायचा विचार आहे.

ओरावाची_सून

केलाय व्यनि. शनिवारी या, रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये आणि गावात चहासुद्धा मिळणार नाही. रस्त्यात जो दिसेल त्याला ‘दोब्री द्येन्य’ म्हणा, ओळख नसली तरी. नाही म्हटलंत तर संध्याकाळपर्यंत सासूबाईंकडे तक्रार येईल. आणि येताना गोडा मसाला आणा, इथल्या दुकानात जे ‘करी’ म्हणून मिळतं त्यावर मी वेगळा धागा काढणार आहे.